लाल नळाचं गार पाणी

बंब शेवटी घरात आला, पण त्याआधी माझ्या थोरल्या भावाला, स्टॅन्लीला, विमानतळावर एका खोलीत बराच वेळ बसून यावं लागलं. चूक त्याचीच. सामान तपासणाऱ्या माणसाने गोणपाटात गुंडाळलेल्या त्या तांब्याच्या धुडाकडे बोट दाखवून हे काय म्हणून विचारलं, आणि स्टॅन्ली अगदी हसतमुखाने म्हणाला, "नथिंग सर, ओन्ली बंब."

पुढचं त्याला नीट आठवत नाही. आजूबाजूची माणसं झटकन मागे सरली, एवढं आठवतं. पाणी तापवायचं भांडं आहे, हे त्याने इंग्रजीत, हिंदीत आणि शेवटी आंघोळीचे हातवारे करून सांगितलं. पटल्यावर तो माणूस इतका हसला म्हणे, की त्याने आतल्या साहेबांनाही बाहेर बोलावून बंब दाखवला. जुलै महिन्यात मस्कतला पाणी तापवायचं भांडं घेऊन येणारा प्राणी त्यांनी पहिल्यांदाच पाहिला असणार. आम्ही फरगोज मंडळी मात्र गेली चाळीस वर्षं तेच करतोय.

वादी कबीरला वर्कशॉपांच्या गल्लीत आमची शेड आहे. वर पाटी आहे, फरगोज हीटर्स. आम्ही घरगुती गीझर बनवतो, ओमानमध्ये. हे कुणाला सांगितलं की समोरचा माणूस विनोदाचा पुढचा भाग ऐकायला थांबतो, आणि पुढे काहीच नसतं. मी लिनेट, घरातली धाकटी. लग्नाबिग्नाच्या भानगडीत न पडता शेडच्या काउंटरवर बसते, त्यामुळे हे हसू बहुतेक मलाच झेलावं लागतं. नाही म्हणायला हिवाळ्यात इब्रीकडे थंडी पडते, तिकडचे दुकानदार माल उचलतात, आणि तेवढे दिवस आम्ही कारखानदारासारखे वागतो. एरवी पंख्याखाली बसून पुढच्या हिवाळ्याची वाट बघतो.

बंब आणायला लागला तो नबीलमुळे. शेडचं लायसन्स त्याच्या वडिलांच्या नावावर होतं. ते आमचे अर्बाब, म्हणजे भागीदारही तेच आणि मालकही तेच. ते गेल्यावर सगळं नबीलकडे आलं. मुलगा शिकलेला, सभ्य, बोलायला गोड. त्याने निरोप धाडला की तयार हीटर बाहेरून कंटेनरने येतात, तेच आणू, आपलं लेबल लावू, आणि शेडचं गोडाऊन करू. शुक्रवारी अंकलकडे जेवायला येतो, तेव्हा बोलून खलास करू. खलास हा शब्द इथे सगळेच उठताबसता वापरतात. डॅडींच्या तो छातीत जाऊन बसला.

कारण नबीलच्या गोडाऊनमध्ये डॅडींना जागा नव्हती. कारागीर दुसरीकडे लागले असते, स्टॅन्लीलाही कुठेतरी नोकरी मिळाली असती. पण डॅडींचा व्हिसा त्या शेडवर, आणि या वयात त्यांना दुसरं कोण ठेवून घेणार? शेड बंद झाली की मॅक्सिम फरगोज यांनी बाडबिस्तरा बांधून वसईला जायचं, हे ठरल्यातच जमा होतं. तसं तिकडे घर आहे, केळीची वाडी आहे, चर्च हाकेच्या अंतरावर आहे. "तिकडे जाऊन मी काय करू?" डॅडी विचारायचे. "केळी मोजू?" हातात पाना नसला की हा माणूस आजारी पडतो, हे आम्ही लॉकडाऊनमध्ये पाहिलंय. मला खरंच भीती वाटत होती की डॅडी तिकडे फार टिकणार नाहीत. पण भीती बोलून दाखवायची आमच्या घरात पद्धत नाही, त्यामुळे मी लोकांना वॉरंटी कार्डं भरून देत राहिले.

घरात उघड उघड दोन पक्ष पडले होते. शेड राहावी म्हणणारे डॅडी आणि स्टॅन्ली. जाऊ दे म्हणणारी स्टॅन्लीची बायको जेनेट, आणि आमच्या समजुतीप्रमाणे मम्मी, कारण मम्मी रोज संध्याकाळी अल अमेरातच्या आमच्या गच्चीवरून त्या कोरड्या डोंगरांकडे बघून "आता घरी जाऊ या" म्हणायची. मी दोन्ही पक्षांत होते. ज्याच्याबरोबर चहा पीत असेन त्याचं मला पटायचं.

जेनेटचं म्हणणं चुकीचं होतं असं मी कधीच म्हणणार नाही. तिला स्टॅन्लीने हॉटेलात मेंटेनन्सची नोकरी धरायला हवी होती. तिच्या भावाने शब्दही टाकून ठेवला होता. लग्न करून आली तेव्हा तिला वाटलं होतं की आपण कारखानदारांच्या घरात पडलो. पहिल्याच उन्हाळ्यात तिने विचारलं होतं की मे ते सप्टेंबर आपण काय विकतो, आणि सासऱ्यापासून नणंदेपर्यंत सगळे एकदम ताटात बघायला लागले होते. शुक्रवारी सकाळी इंद्यालचा मसाला परतता परतता ती मला म्हणाली, "लिनेट, मी जेवण मनापासून करतेय. पण त्याने शेड बंद केली तर मी रडणार नाही, आत्ताच सांगून ठेवते."

इंद्याल चिकनचं होतं. नबील येणार म्हणून नेहमीच्या पोर्कचा प्रश्नच नव्हता. फुग्यांचं, म्हणजे आमच्या तळलेल्या गोल पावांचं, पीठही फुगून वर आलं होतं. आमच्या घरात काहीतरी वेळेवर वर येतंय याचं मला बरं वाटलं.

इतिहासाची कल्पना स्टॅन्लीची. त्याला कुणीतरी सांगितलं होतं की ज्या कंपनीला इतिहास असतो ती कुणी बंद करत नाही. आणि इतिहास आमच्याकडे होता. तो आम्ही लहानपणापासून ऐकत आलो होतो: आमचे आजोबा वसईला बंब बनवायचे, त्यांचा हात डॅडींकडे आला, डॅडी तो घेऊन मस्कतला आले. बंब, मग गीझर. तीन पिढ्या. स्टॅन्लीचा मुलगा डॅरेल पुण्याला मार्केटिंग शिकून आलाय. त्याने याच्या स्लाइड्स केल्या होत्या आणि पहिल्या स्लाइडवर लिहिलं होतं, "थ्री जनरेशन्स ऑफ वॉर्म्थ." डॅरेलचं मराठी म्हणजे दर वाक्याला ठेच. त्याने मला विचारलं होतं, "आत्या, बंबचं स्पेलिंग काय? कारण मी लिहिलं तर कॉम्प्युटर म्हणतो ग्रेट-ग्रँडफादर मेड बॉम्ब्ज."

एकच अडचण होती. तीन पिढ्या बंब बनवणाऱ्या घरात एकही बंब नव्हता. डॅडी म्हणाले की होता तो मोडीत गेला. म्हणून स्टॅन्लीने मुंबईच्या जुन्या बाजारातून हा विकत आणला. जेनेटने चिंचेने घासून तो असा चकचकीत केला की त्यात तोंड दिसावं. शुक्रवारी सकाळी तो हॉलमध्ये टीव्हीशेजारी गालिच्यावर विराजमान झाला, आणि डॅडी त्याच्याभोवती हात मागे बांधून फिरायला लागले. हात काही लावला नाही. मला वाटलं, गहिवरलेत.

"डॅडी, याला सगळ्यांसमोर पेटवायचा नाही, पण पाणी ओतून दाखवाल ना?" स्टॅन्लीने विचारलं.

"बघू," डॅडी म्हणाले.

मम्मी कोथिंबीर निवडत होती. तिने मान वर करून डॅडींकडे एकदा पाहिलं आणि परत कोथिंबिरीत घातली.

मग स्टॅन्लीच्या डोक्यात गीझर आला. हॉलबाहेरच्या बेसिनला आमचाच गीझर लावलेला आहे, आणि तो एप्रिलपासून बंद होता. आता हे इथल्या माणसाला सांगायला लागत नाही, पण वसईच्या पाहुण्यांना दरवेळी सांगावं लागतं. उन्हाळ्यात गच्चीवरची टाकी अशी तापते की निळा नळ उघडला तर हात भाजतो. गीझर असतो घरात, सावलीत. बटण बंद ठेवलं की त्याच्या टाकीतलं पाणी निवत राहतं. म्हणून गार पाणी हवं तर लाल नळ उघडायचा. मस्कतमध्ये वाढलेल्या पोरांना हे इतकं अंगवळणी पडतं की डॅरेलने पुण्याच्या हॉस्टेलात पहिल्याच दिवशी तोंड धुवायला लाल नळ सोडला आणि भाजलेलं नाक घेऊन लेक्चरला गेला.

स्टॅन्लीचं म्हणणं, हीटरवाल्यांच्या घरात हीटर बंद, हे मालकाला दिसलं तर संपलंच. त्याने बटण दाबलं. लाल दिवा लागला. छान दिसत होता.

नबील आला तो पांढराशुभ्र दिशदाशा आणि भरतकामाची टोपी घालून, हातात खजुराचा डबा. मम्मीला आंटी म्हणून वाकला, डॅडींचे दोन्ही हात हातात घेतले. तो आमच्याशी हिंदी बोलतो, आणि त्याचं हिंदी जेनेटपेक्षा चांगलं आहे. वादी कबीरच्या कारागिरांत लहानाचा मोठा झाल्याचा परिणाम. इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या, त्याच्या आईची, जोहराआंटींची, चौकशी झाली, आणि तो जेवायच्या आधी हात धुवायला उठला.

पुढचं स्टॅन्लीने मला नंतर सांगितलं. तो टॉवेल घेऊन मागे उभा होता. आता नबील निळा नळ उघडणार, भाजणार, मग आपण सॉरी म्हणून पाणी मिसळून देणार, असं त्याने मनाशी धरलं होतं. तर नबीलने बोलता बोलता, न बघता, सरळ लाल नळाला हात घातला. सकाळपासून चालू ठेवलेला गीझर, म्हणजे आतलं पाणी चहाचं झालेलं. आज आपण मालकाला भाजून काढणार, आणि तेही आपल्याच कंपनीच्या मालाने. त्याच्या तोंडून "नको, नको" निघेपर्यंत नबीलने दोन्ही हात धारेखाली धरले होते.

"वा," नबील म्हणाला. "काय गार आहे."

स्टॅन्लीने वर पाहिलं. दिवा बंद होता. मागे स्वयंपाकघराच्या दारात मम्मी उभी होती. सकाळी स्टॅन्लीची पाठ वळताच तिने तो बंद केला होता, कुणाला कळलंही नव्हतं.

"तुमच्याकडेही लाल?" नबील हसून म्हणाला. "मला वाटलं होतं, तुमच्याकडे तरी नसेल." स्टॅन्ली इतका शरमला की त्याने टॉवेल पाहुण्याला न देता स्वतःचंच तोंड पुसलं.

जेवण झकास झालं. नबीलने फुगे इंद्यालमध्ये बुडवून बुडवून खाल्ले आणि जेनेटची तारीफ केली. तारीफ ऐकताना तिचा चेहरा जरा पडलाच, कारण ज्या माणसाने शेड बंद करावी अशी आपली इच्छा आहे तोच माणूस इतका चांगला निघाला की चोरट्यासारखं वाटतं. मग खजूर आणि कहवा घेऊन सगळे हॉलमध्ये बसले, पडदे ओढले, आणि डॅरेलने आमचा इतिहास सुरू केला.

मी तो इतिहास लहानपणापासून अभिमानाने ऐकला आहे. भिंतीवर मोठ्या अक्षरांत इंग्रजीत पाहिला तेव्हा मला पहिल्यांदा कसंसंच झालं. त्यात आजोबांचा फोटो होता, ज्यात आजोबांच्या हातात एक टोपली होती. डॅरेलने टोपली कापून टाकली होती. त्यात "वसईच्या थंडीचा" उल्लेख होता. मम्मीला हसू आवरेना, तिने पदर तोंडाला लावला. नबील सभ्यपणे बघत होता, पण दोनदा त्याने मोबाईलकडे नजर टाकली. स्टॅन्ली घामाघूम झाला होता. एसी अठरावर होता.

"आता आमचे फादर तुम्हाला जुनी पद्धत दाखवतील," स्टॅन्ली म्हणाला, आणि त्याने पाण्याने भरलेली कळशी डॅडींच्या पुढे केली.

डॅडी उठले. बंबाचं झाकण काढलं. ज्यांनी बंब पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते: बंबाच्या मधोमध एक नळकांडं असतं. त्यात जळण टाकायचं. खाली जाळी असते, राख तिच्यातून पडते. पाणी असतं त्या नळकांड्याच्या भोवती, आणि ते ओतायचं तोंड वेगळं, बाजूला. डॅडींनी एक क्षण दोन्ही भोकांकडे पाहिलं. मग कळशी उचलली आणि अगदी ऐटीत मधल्या नळकांड्यात ओतायला लागले.

पाणी जाळीतून खाली आलं आणि गालिच्यावर पसरत नबीलच्या पायांपर्यंत गेलं. डॅडींच्या लक्षात आलं नाही. ते ओतत राहिले. जेनेटने पाय वर घेतले. डॅरेल म्हणाला, "ग्रँडपा, इट्स लीकिंग." स्टॅन्ली म्हणाला, जुना आहे ना, फुटला असेल.

"फुटला नाहीय," मम्मी म्हणाली. "ते जळणाचं भोक आहे, अहो. पाण्याचं ते बाजूचं."

कळशी थांबली. चाळीस वर्षं हीटर विकणारा माणूस हातात रिकामी कळशी घेऊन आपल्या बायकोकडे बघत होता. मला त्यांच्याकडे बघवेना. मनात आलं, आता संपलं, आणि संपलं तेही असं.

"आमच्या माहेरी बंब होता, म्हणून मला माहीत," मम्मी नबीलकडे वळून तिच्या हिंदीत म्हणाली. मग हिंदी पुरेना म्हणून मराठीत आली. "यांना कुठून माहीत असणार? यांनी जन्मात बंब पेटवलेला नाही. हे अर्नाळ्याच्या बर्फाच्या कारखान्यातले. यांचे वडीलही तिथलेच. त्या फोटोतली टोपली मासळीच्या बर्फाची आहे."

नबीलने डॅरेलकडे पाहिलं. डॅरेलने घसा साफ केला. "ग्रँडमा सेज," तो म्हणाला, "वुई आर फ्रॉम आईस."

आमच्या घरात बातम्या अशाच येतात, पाहुण्यांसमोर आणि भाषांतर होऊन. स्टॅन्लीचा चेहरा असा झाला होता, जणू जन्मदाखल्यावर दुसऱ्याच बापाचं नाव निघावं. तीन पिढ्यांची ऊब! आम्ही तिन्ही पिढ्या त्या गालिच्यावर ओले पाय करून उभे होतो.

नबील पुढे झुकला. त्याने आवाज चढवला नाही, हसलाही नाही. "अंकल," त्याने विचारलं, "तुम्ही हीटरचे की बर्फाचे?"

डॅडींनी कळशी खाली ठेवली. इथे त्यांनी काहीही सांगितलं असतं तरी आम्ही साथ दिली असती. स्टॅन्लीने तर तोंड उघडलंही होतं. पण डॅडींनी मम्मीकडे पाहिलं, तिची नजर काही हलली नाही, आणि ते म्हणाले, "बर्फाचा."

मग ते बसले आणि सांगायला लागले. सगळं सांगितलं. माझ्या आजोळी मुलगी मागायला गेले तेव्हा घरात कुणी तरी सांगितलं की डोरोथीचे, म्हणजे मम्मीचे, वडील बर्फवाल्याला मुलगी देणार नाहीत. अंगाला मासळीचा वास, हातांना भेगा. म्हणून यांनी ठोकून दिलं की आमचा बंबाचा धंदा आहे, पिढीजात. लग्न झालं. पुढे मुंबईतल्या एजंटकडे मस्कतचा व्हिसा निघाला तो नेमका हीटर मेकॅनिकचा. सासरे तिथेच बसलेले. नाही कसं म्हणणार? असे मॅक्सिम फरगोज पाणी तापवायला ओमानला आले. तोवर त्यांनी पाणी चुलीवरही तापवलं नव्हतं, ते काम आईचं होतं.

"अर्बाबनी शेड काढून दिली," डॅडी म्हणाले, "आणि मला टाकी करता आली. पत्रा मारता येत होता. पण कॉइलचं काही समजत नव्हतं. मग मला जे येत होतं ते केलं. बर्फ वितळू नये म्हणून आम्ही लाद्या भुशात दाबायचो, गोणपाट बांधायचो. इथे भुसा कमी पडला म्हणून खजुराच्या झाडाचा काथ्या घेतला. दोन पत्र्यांच्या मध्ये ठासून ठासून भरला. जाड. आता सगळे घालतात त्याच्या दुप्पट. मला वाटायचं, बर्फ राखता येतो तर गरम पाणी राखायला काय हरकत आहे?"

"आणि कॉइल?" नबीलने विचारलं.

"जळल्या," डॅडी म्हणाले. "पहिल्या लॉटच्या सगळ्या जळल्या. इथल्या पाण्यात क्षार. उन्हाळा लागेपर्यंत एकही हीटर तापत नव्हता. अर्बाब गाडी घेऊन लोकांच्या घरी माल परत आणायला गेले."

"आणि आईने दिला नाही," नबील म्हणाला.

आता बघत राहायची पाळी डॅडींची होती. नबील सांगायला लागला आणि पहिल्यांदा त्याने मोबाईल खिशात टाकला. ती गोष्ट त्याच्या घरात शेकडो वेळा सांगितली जाते. वडील म्हणाले, हा हीटर खराब आहे, काढतो. आई बाथरूमच्या दारात आडवी झाली. म्हणाली, खराब असेल तुमचा हिंदी माणूस, हीटर नाही. या घरात गार पाणी पहिल्यांदाच आलंय. शाळेतून आलं की जोहराआंटी त्याचं तोंड त्या लाल नळाखाली धरायच्या. शाळेत चित्रात त्याने गार पाण्याचा नळ लाल रंगवला म्हणून बाई ओरडल्या होत्या. तो लहानपणी समजत होता की अंकल फरगोज ही गार पाण्याची कंपनी आहे.

"ती टाकी अजून आहे आमच्याकडे," नबील म्हणाला. "आता गळते. मी तिला बाहेरचे नवे हीटर लावून दिले, एक नाही, तीन. ती म्हणते, यात पाणी दुपारपर्यंत गार राहत नाही. भिंत पातळ आहे. मला वाटायचं, आईचं वय झालं." त्याने ओल्या गालिच्याकडे पाहिलं. "अंकल, तसा काथ्या भरून एक टाकी करून द्याल?"

"कॉइल कुठली घालू?" डॅडींनी विचारलं. इतकी वर्षं बसलेली सवय.

"कॉइल कशाला?" नबील म्हणाला.

इथे सगळ्यात आधी कोण हसलं असेल तर जेनेट. ती हसली ती अशी, की तिला कहव्याचा कप खाली ठेवावा लागला. मग डॅडीही हसले, डोळे पुसत. नबील काही हळवा होऊन गेला असं समजू नका. त्याने अगदी स्पष्ट सांगितलं की हीटर बाहेरूनच येणार, त्यात बदल नाही, आणि हीटर्स हा शब्द पाटीवरून जाणार. पण शेड राहील. शेडमध्ये अंकलनी ते करावं जे त्यांना येतं. गच्चीवरच्या टाक्यांना तशा भिंती घालून बघू, पुढच्या उन्हाळ्यापर्यंत. चाललं तर चाललं, इन्शाल्ला. नाही चाललं तर गोडाऊन.

"चाळीस वर्षं या देशात गरम पाणी विकलं," दारात चपला घालताना तो म्हणाला. "एकदा तरी सांगायचं होतं, अंकल."

तो गेल्यावर स्टॅन्लीने बंबाकडे असं पाहिलं, जणू त्यानेच आपला घात केला. डॅरेल लॅपटॉप घेऊन गच्चीकडे निघाला, वॉर्म्थच्या जागी काय घालायचं ते पुटपुटत. जेनेट म्हणाली, पाटीला रंगारी मीच बघते, तुम्ही बघितला तर तो पाटीवर बंब काढेल. मी तिच्याकडे पाहिलं. सकाळी रडणार नाही म्हणाली होती, ते तिने पाळलं. पण हॉटेलातल्या नोकरीबद्दल भावाला फोन करायचा होता, तो केला नाही.

स्वयंपाकघरात भांडी ठेवायला गेले तेव्हा मी मम्मीला धरलं. म्हटलं, तुला तर घरी जायचं होतं ना? मग गीझर का बंद केलास? गप्प बसली असतीस तर आपोआप झालं असतं.

"जायचंय," मम्मी म्हणाली. "मला अजूनही जायचंय. पण त्याला हरवून न्यायचं नाहीय." माझ्यासमोर ती डॅडींना एकेरीत म्हणाली, ते तिच्या ध्यानात आलं नाही.

मी हॉलमध्ये येऊन गालिचा उचलला आणि फरशी पुसायला बसले. डॅडी सोफ्यावर बसले होते. मम्मी आली आणि खजुराचा डबा बंद करायला लागली.

"तुला कधीपासून माहीत होतं?" डॅडींनी विचारलं.

"अंगठी घातलीत तेव्हापासून," मम्मी म्हणाली. "मे महिना होता. फादरपासून फुलांच्या पोरींपर्यंत सगळे घामाने निथळत होते. आणि तुमचा हात हा असा गार, मासळीबाजारातून आणल्यासारखा. बंबाजवळ काम करणाऱ्याचा हात असा असतो होय?"

डॅडींनी आपल्या हाताकडे पाहिलं. "बोटी लागल्या होत्या," ते म्हणाले. "सकाळची पाळी करून आलो होतो. सुट्टी दिली नाही."

"ते मला काय माहीत."

"मग तुझ्या बाबांना का नाही सांगितलंस? तिथल्या तिथे लग्न मोडलं असतं."

मम्मीने डब्याचं झाकण दाबून बसवलं. "मला उकाडा सोसत नाही," ती म्हणाली. "म्हटलं, असू दे. असा हात जन्मभर उपयोगी पडेल."

डॅडी उठून बेसिनपाशी गेले. लाल नळ सोडला आणि धारेखाली हात धरून उभे राहिले, पुरेसे गार होईपर्यंत. मग परत आले आणि तो ओला हात त्यांनी मम्मीच्या मानेवर ठेवला. ती म्हणाली, अहो, पोरगी बघतेय. पण बाजूला सरली नाही.